सहा सिलिंडरचे साडू

माझ्या थोरल्या साडूंइतका कट्टर माणूस नागपूर शहराने दुसरा पाहिला नसेल. माणसं धर्माबद्दल कट्टर असतात, राजकारणाबद्दल असतात, निदान वरणात गूळ घालावा की नाही याबद्दल तरी असतात. साडूंना यातलं काहीच नव्हतं. ते कुठल्याही पंगतीत मांडी घालून बसत आणि दारात येईल त्या उमेदवाराला चहा पाजून मत देण्याचं वचन देत. पण गाडीचं इंजिन सहा सिलिंडरचंच असलं पाहिजे, या एका मुद्द्यावरून ते सख्ख्या भावाशी तीन वर्षं बोलले नव्हते. भावाने चार सिलिंडरची गाडी घेतली होती, एवढाच त्याचा गुन्हा. पुढे भावाच्या मुलीच्या लग्नात समेट झाला, पण वरातीला त्याची गाडी लागली तेव्हा साडू धरमपेठेपासून कार्यालयापर्यंत पायी गेले.

त्यांची स्वतःची गाडी म्हणजे लष्कराच्या लिलावातून आलेली एक जुनी अमेरिकन पिकप. पुढे तीन माणसांपुरती जागा, मागे उघडा हौदा, आणि बोनेट इतकं लांब की गाडी वळली तरी ते थोडा वेळ सरळच जातंय असं वाटे. हंगामात नरखेडकडच्या बागांतून संत्र्याच्या पेट्या नागपूरच्या मंडीत आणायच्या, हा त्यांचा धंदा. हंगाम संपला की लोकांना सहा सिलिंडर समजावून सांगायचे, हाही धंदाच, फक्त त्यात मिळकत नव्हती. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीकडून मला पाहायला हेच आले होते. मी नुकता शाळेत लागलेला मास्तर. पगार, शेती, आईवडील असल्या प्रश्नांची उत्तरं पाठ करून बसलो होतो. साडूंनी विचारलं, "शाळेत एसटीनं जाता का?" मी हो म्हटलं. "समोर बसता का मांगं?" मी म्हटलं, मागे. "मंग तुम्हाले इंजनाचं काही समजत नसन," ते समाधानाने म्हणाले. "चांगलं आहे. एका घरात समजनारे दोघं नाही पाहिजे." माझ्या अज्ञानावर पसंतीची मोहोर उठली आणि सुपारी फुटली.

त्यांचा सिद्धांत ते भेटेल त्याला सांगत. विहिरीतून ओझं ओढायचं आहे आणि दोर ओढायला चार गडी आहेत, असं समजा. "एकाचा जोर सरला का दुसऱ्याचा लागेपर्यंत मधात खड्डा पडते. बारीकसा पडते, पन पडते. सा गडी असले तं पयल्याचा जोर सराच्या आधीच दुसऱ्याचा लागते. खड्डाच नाही." हे बोलताना ते हाताने असा काही दोर ओढत की ऐकणारा विहिरीच्या काठावरून मागे सरके. एकदा एका तेराव्याच्या जेवणात त्यांनी हा सिद्धांत शेजारच्या गृहस्थांना सांगितला. ते गृहस्थ दुःखात होते. त्यांनी भाबडेपणाने विचारलं, "पन चारानंही काम होतेच ना, दादा?" साडू म्हणाले, "चारानं तं तिरडीही जाते. तिच्यावर निजनाऱ्याले इचारा, कसं वाटते." अक्कांनी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, त्यानंतर त्यांना वर्षभर कुठल्याही तेराव्याला नेलं नाही.

संध्याकाळी ते ओट्यावर डोळे मिटून बसत आणि रस्त्याने जाणाऱ्या गाड्या ओळखत. "चार. त्यातला तिसरा आजारी आहे." गाडी पुढे जाऊन खरोखरच बंद पडे. निदान एकदा तरी पडली, ती मी पाहिली. अलीकडे मात्र ते उत्तर द्यायला वेळ लावू लागले होते, आणि कधी कधी गाडी निघून गेल्यावर आम्हालाच विचारत, "कोनती होती?" मी ते वयाच्या रुबाबात जमा केलं.

त्यांचा एकमेव तोलामोलाचा विरोधक म्हणजे सदर बाजारातला मिस्त्री. गाडीची सारी दुरुस्ती त्याच्याकडे. तो चाराचा भक्त. भाग कमी, भूक कमी, बोनेट उघडलं की हात घालायला जागा, हे त्याचे मुद्दे. "दादा," तो म्हणे, "लोकाईले चार तोंडं भरता येऊन नाही राहिली, तुम्ही सा भरून राहिले. कोनासाठी?" साडू त्याचा चहा पीत, त्याला मूर्ख म्हणत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जात. वीस वर्षं हे चाललं होतं.

मग पेट्रोल महागलं. जुन्या अमेरिकन गाड्यांची इंजिनं काढून तिथे चार सिलिंडरची डिझेल इंजिनं बसवायची लाट आली. मिस्त्रीकडे एक इंजिन तयारच होतं. अक्कांनी ताट वाढता वाढता निकाल दिला, "अजी, या हंगामात ते इंजन बदला. नाही तं गाडी उभी करा." साडूंनी दोन दिवस अन्नाला चव नसल्याची तक्रार केली आणि तिसऱ्या दिवशी आव्हान दिलं. नरखेडच्या एकाच बागेतून सारख्या पेट्या भरायच्या. एक गाडी त्यांची, एक मिस्त्रीची चाराची. वाटेतला लांब चढ जो आधी चढेल, तो खरा. सहा हरला तर इंजिन निघेल, जिंकला तर अक्का पुन्हा विषय काढणार नाहीत. पंच म्हणून, इंजिनातलं काही समजत नसल्याच्या पात्रतेवर, मला साडूंच्या शेजारी बसवलं.

सकाळी बागेतून निघालो. सपाटीवर गाडी खरंच सुरेख चालली होती. साडू एका हाताने स्टिअरिंग धरून गवयाने तंबोऱ्याकडे झुकावं तसे बोनेटकडे झुकले होते. मिस्त्री बराच मागे होता. चढ लागला आणि चौथाई वाटेवर गाडीला अचानक उचकी लागली. मग दुसरी लागली. मग ती सलग फटफट, खड्खड् करू लागली. मागच्या पेट्या बडबडू लागल्या. मागच्या बाकावर बसून एसटीने जन्म काढलेल्या मलादेखील कळलं की दोन गड्यांनी दोर सोडला आहे. मी साडूंकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर तेच हसू होतं. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "आयकून राहिले ना, मास्तर? रेशीम आहे का नाही?"

त्यांना ऐकूच येत नव्हतं. ओट्यावरची ती उशिराची उत्तरं, ते "कोनती होती", सारं त्या क्षणी लख्ख समजलं आणि माझ्या आंधळेपणाची मला लाज वाटली. मी मान हलवली आणि ओरडून म्हटलं, "रेशीम!"

आरशात मिस्त्रीची गाडी दिसू लागली. मोठी होत होत ती अगदी मागे आली. त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढून कान दिला. रस्ता मोकळा होता, हॉर्न वाजवून तो केव्हाही पुढे गेला असता. तो गेला नाही. बैलगाडीच्या चालीने आमच्यामागे रखडत वर आला. मंडीत पोचल्यावर त्याने आमचं बोनेट उघडलं, दोन प्लगच्या सुटलेल्या वायरी गुपचूप बसवल्या आणि हात पुसत म्हणाला, "जितले तुम्ही, दादा. चार नाही, साच खरा." वीस वर्षांत पहिल्यांदा तो हरला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, मीही त्याच्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी साडू मला घेऊन सदरला गेले आणि मिस्त्रीला म्हणाले, "काढ ते इंजन." मिस्त्री चाचरला. "काहून, दादा? तुम्ही तं जितले."

"चढावर गाडीनं मान टाकली, ते पायडलवरल्या पायाले समजलं," साडू म्हणाले. "मंग मास्तरचं तोंड पायलं. तोंड एक सांगत होतं, अन् मान दुसरंच. तू मांगून येऊन राहिला होता, तुले पुढं जाता येत नव्हतं का?" त्यांनी बोनेटवर हात ठेवला. "सा सिलिंडरचा आवाज आयकासाठीच ठेवला होता गा मी. आता आयकूच येत नाही, तं घरच्याईच्या तोंडचं काढून त्याले काहून पाजू?"

मिस्त्रीने खाली पाहतच पाना उचलला.

आठ दिवसांनी नवं इंजिन बसलं. पहिल्या फेरीला त्यांनी मला शेजारी बसवलं. सदरमधून बाहेर पडेपर्यंत गाडी भांड्यांच्या दुकानात बैल शिरल्यासारखी वाजत होती. ते शांतपणे समोर बघत होते. गाव मागे पडल्यावर त्यांनी कान माझ्याजवळ आणला आणि विचारलं, "कसा येते आवाज? खरं सांगा."

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "फार खडखडते, भाऊ."

किती दिवसांनी त्यांचा चेहरा असा उजळलेला मी पाहिला. "खडखडनारच," ते म्हणाले. "चारच आहेत बिचारे."