दोन वाद्ये आणि न सापडलेले गाणे

ट्युबा आणि फ्रेंच हॉर्न या दोनच वाद्यांवर आम्हाला वाजवता येईल असे एकही गाणे जगात नाही, हे मला वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी कळले. मी ते मान्य केले नाही.

प्रसंग नात रूथच्या लग्नाचा. माझा मुलगा विजय याने डीजे ठरवला. मी नकार दिला. मी आणि माझा मेहुणा सॅम्युअल, दोघेही लष्करी बँडमधून निवृत्त झालेलो. मी ट्युबावाला, तो हॉर्नवाला; दोन्ही पितळी वाद्ये, माझे तेवढे घागरीएवढ्या तोंडाचे. छाती हादरवणाऱ्या पेट्यांच्या मागून आमच्या घरची मुलगी मांडवात येणार नाही, असे मी जेवता जेवता जाहीर केले.

"मग कशाच्या मागून येणार, पप्पा?"

"मी आणि सॅम्युअल वाजवू."

"दोघंच?"

"दोघेच."

विजयने अट घातली. पाहुण्यांना गाणे ओळखता आले, तर डीजे परत जाईल. तोवर त्याचा टेम्पो मांडवाबाहेर उभा राहील. (मुलगा माझाच. माणसाला शब्दात कसे पकडावे, हे त्याला मीच शिकवले.)

शोध सुरू झाला. रूथनेच मोबाईलवर परदेशातील एक रचना शोधली आणि छापून आणली. दुसऱ्याच ओळीत हॉर्नचा स्वर इतका वर चढला की सॅम्युअलची कवळी सुटून मांडीवर पडली!

त्याने ती धुतली, बसवली आणि म्हणाला, "दाजी, हे सोताचे दात असलेल्यांचं संगीत हाय."

मग आम्ही श्रीरामपूरच्या बाजारातील एका बँड कंपनीच्या मालकाकडे गेलो.

"दोघांसाठी?" त्याने आम्हाला आपादमस्तक न्याहाळले. "बाकीचे वारले का?"

"बाकीचे नकोत."

"आवो आजोबा, एक क्लॅरिनेटवाला देतो. फुकट देतो! पन असं नका करू."

"तिसरा आला की जुगलबंदी राहत नाही," मी म्हणालो आणि चहा न घेता उठलो.

वाटेत माझ्या ध्यानात आले की कागद हवाच कशाला? बँडमधली शेकडो गाणी आम्हा दोघांना मुखोद्गत होती. त्यातले उत्तम ते निवडले. अंगणात खुर्च्या मांडल्या. आरंभापासून अंतापर्यंत वाजवले, एक मात्राही न चुकता. मला स्वतःविषयी समाधान वाटले. (हे क्वचित घडते.)

माझी पत्नी ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली.

"आवो, ताल झ्याक धरलाय. आता गानं कवा सुरू करनार?"

"गाणे संपले."

"संपलं? मगाधरनं नुसतं पूम-पा, पूम-पा चाललंय की!"

मी सॅम्युअलकडे पाहिले. त्याने जमिनीकडे पाहिले. उभ्या नोकरीत चाल वाजवली ती ट्रम्पेटवाल्यांनी. मी वाजवला तो 'पूम' आणि त्याने वाजवला तो 'पा'! चाल आमच्या डोक्यात आपोआप चालू राही, म्हणून ती बाहेर कोणालाच ऐकू येत नाही हे दोघांच्याही लक्षात आले नव्हते. मी सॅम्युअलला चाल वाजवण्याचा हुकूम सोडला. दोन ओळींनंतर त्याचा ओठ शिस्तीने 'पा'वर परत आला.

"दाजी, आता वं?"

"हेच वाजवायचे."

"आन् चाल?"

"चाल लोकांना येते."

लग्नाचा दिवस उजाडला. चर्चमधील विधी आटोपून वधूवर मांडवाच्या दाराशी आले. बाहेर टेम्पो, आत आम्ही. मी पहिला 'पूम' दिला. चार मात्रांतच श्रीरामपूरच्या आत्या-मावश्यांनी एक भक्तिगीत ओळखले आणि डोळे मिटून ते उचलले. त्याच क्षणी जामखेडहून आलेल्या वरपक्षाने एक सिनेगीत ओळखले आणि शिट्ट्या मारून ते उचलले! आमचा ठेका दोहोंना सारखाच बसत होता. पाळकांनी आशीर्वादासाठी हात वर केला. त्यांच्यासमोर नवरदेवाचे काका कंबर हलवीत होते.

बँडचा नियम असा की चाल थांबल्याखेरीज ठेका थांबत नाही. येथे चाली दोन. भक्तिगीताची सहा कडवी संपली की सिनेगीत नव्याने सुरू होई, आणि ते संपताना आत्या पहिल्या कडव्यावर परत येत. माघार कोणीच घेईना. जामखेडकर ओरडले, "लई भारी, आजोबा! वाजवा!" सॅम्युअल निळा पडू लागला. आशीर्वाद झाल्याशिवाय आत यायचे नाही, म्हणून वधूवर उन्हात उभेच!

अखेर रूथ एकटीच मांडवात चालत आली, माझ्यासमोर थांबली आणि हातातील संपूर्ण पुष्पगुच्छ तिने ट्युबाच्या तोंडात कोंबला.

ठेका बंद पडला आणि दोन्ही गाणी थांबली. विजय धावत आला.

"पप्पा, गाणं कोणतं होतं?"

"पाहुण्यांना विचार."

त्याने विचारले. झाडून सगळ्यांनी ओळखले होते आणि शपथेवर सांगायला तयार होते. फक्त श्रीरामपूरकर एक सांगत होते, जामखेडकर दुसरे.

"अट गाणे ओळखण्याची होती," मी म्हणालो. "सर्वांनी एकच ओळखावे, अशी नव्हती. टेम्पो परत पाठव."

टेम्पो परत गेला. विजय माझा आहे, हे मी मागे सांगितलेच.

पुष्पगुच्छातील तीन गुलाब ट्युबाच्या नळीत फार खोल गेले आहेत. त्यामुळे आवाज फुटत नाही. ते काढण्याच्या कामी घरातील एकही मनुष्य मला मदत करीत नाही.