सायकल कुणी केली

दुपारची जेवणं उरकून हौसाबाई बाजेवर अंग टाकतात. नुसती पाठ टेकायची, झोपायचं नाही. चार वाजता जुन्या सायकलींच्या प्रदर्शनाचे लोक यायचेत. भिंतीला टांगलेली लाल शर्यतीची सायकल नेणार, आणि तिच्या पाटीवर बनवणाऱ्याचं नाव काय घालायचं ते विचारणार. सगळ्या मिरजेला ठाऊक असलेलं, त्यात विचारायचं काय? पापण्या जड होतात. भिंत पातळ होत जाते, आणि सायकलीपलीकडे त्यांचा धाकटा दीर रंगा उकिडवा बसलेला दिसतो.

रंगाला जाऊन अकरा वर्षं झालीत.

"वहिनी, पाय काढा. ठिणगी उडेल."

"मला शिकवतोस? लग्न होऊन आले तेव्हा नाक पुसायला माझा पदर लागायचा तुला."

"म्हणून तर म्हणतो, पदर सांभाळा."

बाज आता घरच्या सायकल-कारखान्याच्या पत्र्याखाली आहे. रंगासमोर गावातल्या डॉक्टरांची इटलीची सायकल कापून ठेवलीय. दोन बोटांवर तोलावी इतकी हलकी. घाटात आपटून वाकडी झाली, म्हणून रंगाकडे आली. हिच्याकडूनच शिकून त्यानं लाल सायकल घडवली.

"आत बघा." तो नळीचं तोंड पुढे करतो. आतल्या अंगाला मुगाएवढी चांदणी ठोकलेली. "बाहेर नाव आहे ते शर्यती मारणाऱ्याचं. बत्तीनं सांधे झाळणारा वेगळाच. त्यानं आपली खूण इथं लपवली."

"आणि बायकोनं ऐकून घेतलं त्याचं?"

"तिलाच विचारा."

दोघं परक्या अंगणात उभी आहेत. एक म्हातारा पाठमोरा बसून सांधा तापवतोय. वरच्या खिडकीतून एक बाई त्याच्यावर ओरडतेय. भाषा कळत नाही, पण जेवण निवतंय एवढं कळतं. म्हातारा नुसता हात हलवतो. हौसाबाईंना हसू फुटणार, तोच खिडकीखाली सत्काराचा मांडव. लाल सायकलीला हार. मागे पेढ्यांचं ताट धरून रंगा. पाहुणे विचारतात, "एवढी हलकी सायकल कुणी केली हो?"

"आमच्या ह्यांनी," हौसाबाई म्हणतात.

तोंडावर हात दाबेपर्यंत शब्द गेलेला असतो. जन्मात कधी झाळायची बत्ती न पेटवलेले हे, खाली बघून हसतात. टाळ्या पडतात.

"तू का नाही बोललास रंगा?"

"तुमच्या हातचं खात होतो."

"मग दुसऱ्या दिवसापासून बत्ती का सोडलीस? साखर कारखान्याच्या गेटवर राखणीला जाऊन बसलास. मी तुला चारचौघांत आळशी म्हणायची."

"हात चालेना, वहिनी."

आवाजात राग नाही. असता तर बरं झालं असतं. भांडणात कुणाच्या बापाला हरल्या नसत्या त्या.

"आता सांगते सगळ्यांना."

"आता?" रंगा हसतो. "आता टाकणखार द्या. सांधा तापलाय."

टाकणखार लावल्याशिवाय पितळ सांध्यात उतरत नाही. तो भाजून, खलबत्त्यात कुटून द्यायचं काम हौसाबाईंचंच. पण आज त्यांचे हात रिकामे आहेत. रंगाच आपल्या डबीतली पांढरी चिमूट त्यांच्या तळहातावर ठेवतो.

"मूठ मिटा. वाऱ्यानं जाईल."

"रंगा, जेवून तरी—"

"आई, उठा. आलेत ते."

सूनबाई सुरेखा खांदा हलवतेय. दारात दोन माणसं, एकाच्या हातात वही. "पाटीवर मामंजींचंच नाव ना, विचारतायत."

"रंगनाथ लिहा," हौसाबाई म्हणतात. "माझा धाकटा दीर."

"पण आजवर तर सगळीकडे—"

"मी खोटं बोलले होते. लिहा."

वहीवाला सुरेखाकडे बघतो. सुरेखा सासूच्या आवळलेल्या मुठीकडे.

"काय आहे हातात?"

हौसाबाई मूठ उघडतात. पांढरी पूड.

"अगंबाई, मीठ कशाला घेतलंत?"

त्या जिभेचं टोक लावतात. मीठ नाही. बुळबुळीत, मागून गोडसर. आणि अजून कोमट.