वायव्येचा धूर

ओरिसिया वासिलिशनला आमच्या गावात तोंडावर सगळे ‘ओरी’ म्हणायचे आणि पाठीमागे ‘टॉवरवाली’. त्या सभेनंतर तिला जी नावं पडली ती इथे लिहिण्यासारखी नाहीत. त्यातलं एक नाव माझ्या नवऱ्यानेच काढलं होतं.

कॅनडात, उत्तर अल्बर्टातलं आमचं टॅमरॅक क्रॉसिंग जेमतेम नऊशे वस्तीचं. भोवती चहूबाजूंनी काळ्या स्प्रूस झाडांचं जंगल, आणि जंगलात तेलाच्या विहिरी. ज्याच्या घरातलं कुणी तेलावर नाही असं घर दाखवा म्हटलं तर मला दाखवता येणार नाही. मी शाळेची बस चालवते, पण त्या बसमधली सगळी पोरं तेलवाल्यांचीच.

ओरिसियाचा नवरा रॉनही तेलावरच होता. तो हृदय बंद पडून गेला तेव्हा ती छत्तीस वर्षांची होती. मूलबाळ नव्हतं. पुढच्याच वसंतात तिने वनखात्याची टेहळणीची नोकरी धरली. एप्रिलमध्ये हेलिकॉप्टर तिला जंगलात सोडायचं आणि सप्टेंबरात परत आणायचं. मधले पाच महिने शंभर फुटी टॉवर, खाली एक खोली आणि अस्वलांवर भुंकणारा कुत्रा. धूर दिसला की दिशा मोजायची, अंतर ठरवायचं आणि रेडिओवर कळवायचं. अशी बावीस वर्षं. तिची दिशा कधी चुकली नाही, हे तिच्यावर थुंकणारे लोकसुद्धा कबूल करायचे.

हिवाळ्यात ती गावात असायची. कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर दगड घसरवायच्या खेळाच्या, संघात खेळायची, आणि गुरुवारी चर्चच्या तळघरात आम्हा बायकांबरोबर बटाट्याचं सारण भरून पेरोगी वळायची. बोलायची कमी. बोलली तर फटकन बोलायची, म्हणून ती कुणाची लाडकी नव्हती. पण तिच्याशी कुणाचं वैरही नव्हतं.

वैर सुरू झालं ते एका जानेवारीत. शहरातल्या रेडिओवरच्या एका बाईने फोन करून तिला विचारलं, “इतकी वर्षं वरून बघताय, काही बदललंय का?” ओरिसियाने सांगितलं, “बर्फ तीन आठवडे आधी वितळतो. वीज पडून लागणाऱ्या आगी पूर्वी जूनमध्ये सुरू व्हायच्या, आता मेमध्ये. झाडं वाळकी दिसतात.” मग बाईने विचारलं, “यात तेलाचा हात आहे असं वाटतं?” आणि ओरिसिया म्हणाली, “आहेच. मी तेलाच्या पैशाने बांधलेल्या घरात राहते, म्हणून काही ते खोटं होत नाही.”

एवढंच. चार मिनिटांची मुलाखत.

दुसऱ्या दिवशी तिचा दीर लॉर्न तिच्या अंगणात ट्रक घेऊन उभा. लॉर्नचे तेलविहिरींवर पाणी वाहणारे सहा टँकर होते आणि गावाच्या वायव्येला गुरांसाठी जमीन. आवाज मोठा, हातही मोठा. कुणाची गाडी बर्फात रुतली की पहिला पोचणारा माणूस. त्या दिवशी मात्र तो गाडीतून न उतरताच ओरडला, “माझ्या भावाने जन्मभर ग्रीस खाल्लं, ते तुला रेडिओवर आम्हाला शिव्या घालता याव्यात म्हणून?”

“शिवी कुठे घातली?”

“बर्फ काय आज पहिल्यांदा लवकर वितळला? माझ्या आजोबांच्या वेळीही जंगलं जळत होती. तेव्हा काय विहिरी होत्या?”

“जळत होती. मेमध्ये नव्हती.”

“तू वर बसून ढग मोज, ओरी. खाली कसं जगायचं ते आम्हाला कळतं.”

त्या महिन्यात कर्लिंगच्या संघातून तिचं नाव गेलं. “तुझ्या जागी ब्रेंडा घेतलीय, तिचा गुडघा बरा झाला,” असं तिला सांगण्यात आलं. ब्रेंडाचा गुडघा आजही बरा नाही. चर्चच्या तळघरात ती आली की बोलणं थांबायचं, नुसते पीठ मळल्याचे आवाज. तिसऱ्या गुरुवारी तिने हात धुतले, ॲप्रन घडी करून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “तुमच्या गप्पांचा खोळंबा नको.” तिला थांब म्हणणारी आमच्यात एकही निघाली नाही. मीही नाही.

त्या हिवाळ्यात बर्फ नावापुरता पडला. एप्रिलमध्ये ओरिसिया टॉवरवर गेली. मेच्या पहिल्या आठवड्यात पारा एकतीसवर गेला. झाडांना पालवी नव्हती आणि गवत कागदासारखं वाजत होतं.

शुक्रवारी दुपारी एक चाळीसला तिने वायव्येला धूर कळवला. उत्तर आलं की सगळी विमानं आणि माणसं दुसऱ्या दोन आगींवर अडकली आहेत, पहिलं हेलिकॉप्टर यायला दीड तास लागेल. दीड तासात ती आग गावाच्या वेशीवर आली.

मला वृद्धाश्रमातली चौतीस माणसं बसमध्ये घालायला सांगितलं. शेजारच्या सीटवर गावच्या अग्निशामक दलातला एकजण वॉकीटॉकी धरून बसला होता. आम्ही दक्षिणेच्या हमरस्त्याला लागणार, तेवढ्यात त्या डब्यातून ओरिसियाचा आवाज आला. तोच कोरडा, घाई नसलेला आवाज. “दक्षिणेचा रस्ता सोडा. वारा फिरलाय. दहा मिनिटांत आग रस्त्यावर येईल. पूर्वेच्या खडीच्या रस्त्याने काढा सगळ्यांना.” मी स्टिअरिंग फिरवलं. मागे वळून पाहिलं तेव्हा दक्षिणेचा रस्ता दिसतच नव्हता, नुसती नारिंगी भिंत. ती साडेचारपर्यंत वाऱ्याची दिशा सांगत राहिली. आग तिच्या टॉवरपासून हाकेच्या अंतरावर आल्यावर हेलिकॉप्टरने तिला उचललं.

माणूस एकही दगावला नाही. घरं एक्केचाळीस गेली. लॉर्नचं गेलं, गोठा गेला, अठरा गाई गेल्या. तरी तो तीन दिवस आपल्या टँकरांनी पाणी वाहत होता. शाळा वाचली ती त्याच्यामुळे. आणि ओरिसियाचं घर जसंच्या तसं उभं राहिलं. आजूबाजूची चार घरं राख, त्यातलं एक माझं, आणि मधे तिचं पांढरं घर, खिडकीत पडदेसुद्धा शाबूत.

लोकांना तेवढं पुरलं.

आम्ही दोन आठवडे दुसऱ्या गावच्या व्यायामशाळेत खाटांवर झोपत होतो. तिथे दुसरा उद्योग काय? कुणी म्हणायचं, सरकारनेच आग लावली, म्हणजे तेल बंद करायला निमित्त. कुणी म्हणायचं, टॉवरवालीला धूर सकाळीच दिसला होता, ती मुद्दाम गप्प बसली. तिचं म्हणणं खरं ठरावं म्हणून. पहिल्या दिवशी हे कुजबुजत बोलत होते, आठव्या दिवशी जेवणाच्या रांगेत मोठ्याने. माझ्या बसमधली एक म्हातारीसुद्धा म्हणाली, “काहीतरी असल्याशिवाय लोक बोलतात होय?” मी तिच्या वाडग्यात सूप वाढलं आणि पुढे सरकले.

गावात परतल्यावर कर्लिंगच्या हॉलमध्ये सभा झाली. खुर्च्या पुरल्या नाहीत. ओरिसिया आली आणि मधल्या रांगेत बसली. तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. लोक भिंतीला टेकून उभे राहिले, पण तिथे बसले नाहीत.

वनखात्याचा माणूस बोलत असतानाच लॉर्न उठला. दाढी वाढलेली, अंगात कुणीतरी दान केलेला सदरा. “हे राहू दे. मला हिला विचारायचंय. ओरी, तुला धूर किती वाजता दिसला?”

“एक चाळीस.”

“आणि सकाळी? सकाळी काय आंधळी होतीस?”

“सकाळी धूर नव्हता. रेडिओवरचं बोलणं सगळं टेप होतं. मागवा.”

“टेप तुमचीच, खातंही तुमचंच!” मागून कुणीतरी ओरडलं.

“तुझं घर बरं वाचलं गं!” ही ब्रेंडा.

लॉर्न तिच्यापर्यंत चालत आला. “तुला हेच हवं होतं ना? रेडिओवर सांगितलंस, जळेल म्हणून. जळलं. आता खूश? माझी गुरं ओरडत होती, ते वरून ऐकू आलं का तुला?”

हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. माझ्या नवऱ्यानेही वाजवल्या. माझे हात मांडीखाली होते. मी उठून एवढंच म्हणायला हवं होतं, ‘हिच्यामुळे चौतीस माणसं जिवंत आहेत.’ सहा शब्दही झाले नसते. मला सकाळी त्याच लोकांची पोरं शाळेत न्यायची होती, त्याच दुकानात जायचं होतं. मी उठले नाही.

ओरिसिया उभी राहिली. लॉर्नकडे इतका वेळ पाहिलं की तोच अर्धं पाऊल मागे सरला. वाटलं, आता काहीतरी फेकून मारणार. पण तिने कोट उचलला आणि म्हणाली, “मला जे माहीत आहे ते मी लिहून दिलंय.” आणि गेली. दुसऱ्या दिवशी तिच्या गाडीची चारही चाकं फाडलेली होती.

ऑगस्टमध्ये चौकशीचा अहवाल आला. आग लॉर्नच्याच जमिनीवरून सुटली होती. आदल्या नोव्हेंबरात त्याने नवीन कुरणासाठी झाडं उपटून, मुळांचे ढीग करून पेटवले होते. सगळेच पेटवतात, त्या महिन्यात परवानाही लागत नाही. ढीग विझले असं त्याला वाटलं. पण खालची जमीन कुजक्या शेवाळाची. आग तिच्यात शिरली आणि हिवाळाभर धुमसत राहिली. एरवी बर्फ आणि त्याचं पाणी तिला संपवतं. त्या वर्षी बर्फच नव्हता. मेमधल्या वाऱ्याने तिला वर काढलं.

अहवालाच्या तिसऱ्या पानावर ओरिसियाचा जबाब होता, आगीच्या दुसऱ्या दिवशीचा. त्यात तिने धुराची अचूक जागा दिली होती: लॉर्नच्या मागच्या तुकड्याचा वायव्य कोपरा. म्हणजे सभेत तो तिच्या तोंडावर ओरडत होता तेव्हा तिला ते ठाऊक होतं.

गाव एका दिवसात पलटलं, पण तिच्या बाजूला नव्हे. “बघा, माणसानेच लावली. हवामान-बिवामान सगळं थोतांड,” असं अर्धं गाव म्हणू लागलं. उरलेलं अर्धं लॉर्नच्या नावाने खडे फोडू लागलं. त्यात सभेत टाळ्या वाजवणारेच पुढे होते. तो तात्पुरता राहत होता त्या कॅम्पर गाडीवर कुणीतरी लाल रंगाने ‘आगलाव्या’ लिहिलं.

त्याच आठवड्यात लॉर्न तिच्या दाराशी गेला. मी तेव्हा शेजारी माझ्या जळलेल्या घराच्या राखेतून खिळे वेचत होते. सगळं ऐकू येत होतं.

“तुला माहीत होतं,” तो म्हणाला.

“जागा माहीत होती. कारण माहीत नव्हतं. माहीत नसलेलं मी बोलत नाही. ते काम तुम्ही करता.”

“तेव्हाच माझं तोंड का नाही बंद केलंस? उपकार केलेस का माझ्यावर? माझ्या भावाची बायको म्हणून दया आली तुला?”

“दया? तुझी?” ती हसली, आणि ते हसू ऐकून मी हातातला खिळा खाली ठेवला.

मग लॉर्नचा आवाज खाली आला. “ओरी, तूच म्हणतेस ना, सगळं बदललंय म्हणून? बर्फ पडला नाही. पडला असता तर विझली असती. मग दोष माझा कसा? तू सांग ना लोकांना. रेडिओवर सांग. तुझं ऐकतील.”

“आता बर्फ आठवला का तुला?”

“अठरा गाई गेल्या माझ्या.”

“दोन्ही खरं आहे, लॉर्न. बर्फ पडला नाही. आणि ढीग तू पेटवलेस. यातलं एकच हवं असेल तर दुसऱ्या दारात जा.”

तिने दार लावून घेतलं. मग त्याने पायरीला लाथ मारली, एकदा नाही, पाचसहा वेळा, आणि मला पाहून ओरडला, “तू काय बघतेस?”

मी दुसऱ्या दिवशी तिच्याकडे गेले. रात्रभर मनात वाक्यं जुळवली होती. दार उघडताच म्हटलं, “ओरिसिया, सभेत मी बोलायला हवं होतं. त्या दिवशी तुझा आवाज ऐकला म्हणून मी बस वळवली.”

“वळवलीस ते बरं केलंस.”

“मला फार वाईट वाटतं.”

“वाटू दे,” ती म्हणाली. “ते मी काढून घेणार नाही. तुला हलकं वाटावं म्हणून आली असशील तर ते सामान माझ्याकडे नाही.” आत ये म्हणाली नाही. मागे चुलीवर किटली वाजत होती.

लोकांना वाटलं ती घर विकून जाईल. लॉर्न गेला, दक्षिणेला, मुलीकडे. ओरिसिया गेली नाही. उन्हाळ्यात ती टॉवरवर असते आणि हिवाळ्यात इथे. दर बुधवारी दुपारी ती गावच्या एकुलत्या एक कॅफेत येते, बरोबर मधल्या टेबलावर बसते, कोट काढून खुर्चीला अडकवते आणि सूप मागवते. सावकाश जेवते. कुणी तिच्याशी बोलत नाही आणि ती कुणाशी बोलत नाही. तासभर ती तिथे असते आणि तासभर आम्ही सगळे आपापल्या ताटात बघत जेवतो.