खताच्या ढिगावर मोरचूद

परवा सकाळी वारूळवाडीच्या आमच्या ग्रुपवर एक फोटो पडला. पालापाचोळ्याच्या ढिगावर पांढरी बुरशी, आणि खाली प्रश्न... "कोणतं औषध मारू?" माझा चहा उकळेपर्यंत औषधांच्या नावांची रांग लागली!

डोक्यात तिडीकच गेली. कारण हाच उद्योग नव्वदच्या दशकात माझ्या ढिगावर झाला होता...

तेव्हा आमच्याकडं द्राक्षबागांचं वारं होतं. घरोघरी पाठीवरचा पंप, त्यात बुरशी मारायचं निळं मोरचूद, आणि पांढरं काही दिसलं की मार फवारा! आमचा विहिरीकडचा तुकडा मात्र पोत्यातली खतं खाऊन खाऊन विटेसारखा कडक झालेला. मी ह्यांच्याशी भांडून तो मागून घेतला. म्हणाले, "यंदा तुझ्या खतावर वांगी-मेथी पिकव. न्हाई जमलं तर तिथंबी द्राक्षंच."

मग काय... उसाचं पाचट, शेण, भाजीची देठं, सगळं रचून ओलं ठेवलं. काही दिवसांनी हात घातला तर आत छान ऊब, आणि पाचटावर पांढऱ्या धाग्यांचं जाळं. मेलेल्या काडीकचऱ्याचं मातीसाठी जेवण रांधणारी बुरशी ती. बाळंतिणीसारखी जपत होते मी त्या ढिगाला.

एका दुपारी बाजारातून आले, तर ढीग निळा! माझे धाकटे दीर पाठीवरचा पंप उतरवत होते. चेहरा असा, जणू गड जिंकून आलेत. "वैनी, लई बुरशी व्हती. मोरचुदाची आख्खी टाकी रिकामी केली बघा!"

"भाऊजी, ती कशावर बसलीय, काय करतीय, बघायचं तरी!"

"आवं, पण पांढरी व्हती..."

"तुमची टोपीबी पांढरीच हाय. मारा तिच्यावर!"

त्यात हे ओट्यावरून हसत म्हणाले, "मग, द्राक्षाची रोपं सांगू का आता?" संतापानं डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

तशीच फावडं घेऊन गेले. निळा थर ओढून लांब टाकला, खाली खाली उकरत राहिले... आणि तळाला, जिथं फवारा पोचलाच नव्हता, तिथं ऊब लागली हाताला. पांढरे धागेही होते! ते पाचट ओंजळीनं काढलं आणि नव्या पाचटात विरजणासारखं कालवलं.

दुसऱ्या दिवशी बघते, तर दीर पुन्हा पंप घेऊन ढिगाशी उभे. मी धावलेच!

"थांबा वैनी... शेजारचा कोरा पंप मागून आणलाय. नुसतं पाणी हाय. ढीग वरनं सुकलाय, मारू का?"

मी हसले नाही. आधी पंप हुंगून बघितला... मग म्हटलं, "मारा."

त्या तुकड्यात द्राक्ष कधीच आलं नाही. आजही तिथलं ढेकूळ नुसत्या मुठीत फुटतं, आणि फुटलं की भाऊजींची आठवण येते.

ग्रुपवर औषधं सुचवणाऱ्यांना मी काय लिहिलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. फोटोवाल्याला मात्र एवढंच लिहिलं... "औषध नको, राजा. नुसतं पाणी मार."