उत्तरा नक्षत्र, वाहन घोडा आणि कासचे तीन दिवस

मे महिन्यात सागरचा फोन आला. सागर माझा धाकटा भाऊ, फौजेत आहे. "ताई, रजेचा अर्ज आत्ताच टाकायचाय. सप्टेंबरात कासवर पाऊस नसंल अशी तारीख काढ. आईला फुलं दाखवायचीच."

आमच्या आईचं सगळं आयुष्य कुंडलच्या उसात गेलं. शेजारणी कासला जाऊन फोटो दाखवायच्या आणि ही म्हणायची, "माझा सागर न्हेईल की मला." पण दरवर्षी सागरची रजा पडायची ती नेमकी उन्हाळ्यात. यंदा कुठे योग जुळत होता.

मी कुपवाडच्या कारखान्यात माल तपासते, त्यामुळे आकड्यांचं काम आपसूक माझ्याकडे येतं. मोबाइलच्या ॲपने चार महिने आधीच सांगून टाकलं: अमुक बुधवार, निरभ्र आकाश. मी खूश! आईने भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं आणि एका वाक्यात माझी हवा काढली. "तवा उत्तरा नक्षत्र हाय. वाहन घोडा. घोडा म्हंजी डोंगरावर पाऊस. नगंच जायाला."

मग मी जरा खोलात शिरले. कळलं ते असं, की इतक्या लांबच्या तारखेचा अंदाज कुणालाच येत नाही. ॲप मागच्या वर्षांची सरासरी काढतं आणि छातीठोकपणे सूर्य चिकटवून देतं. कासला जाऊन आलेल्यांना विचारलं, तर बहुतेक जण म्हणाले, दोन-तीन दिवस मुक्काम ठोकलात तर एखादा दिवस उघडतोच. मी सागरला कळवलं, "तारीख काढता येत नाही. आठवड्याच्या मधल्या वारांचे सलग तीन दिवस सातारा."

"फुलं बघायला तीन दिवस? आगं, रजा केवढी, त्यात!" तो करवादला. पण अर्ज टाकला.

पहिला दिवस. कुंडलहून ताकारी, शेणोली करत कराड, तिथून महामार्ग. कामं चालू आहेत, तेव्हा वेळ जास्तच धरा. साताऱ्यात बसस्थानकाजवळ साधी, स्वच्छ खोली मिळाली. पठाराचं बुकिंग तारखेप्रमाणे असतं, म्हणून तिन्ही दिवसांचं करून ठेवलं होतं. दुपारी यवतेश्वरचा घाट चढलो आणि गाडीचं बॉनेट दिसेनासं झालं. पठारावर छत्री उलटी झाली. आई रेनकोटात उभी राहून म्हणाली, "धुकं लय झ्याक हाय." आणि वर, "म्हनलं नव्हतं, घोडा हाय?"

दुसरा दिवस. तेच. घाटातल्या टपरीवर पिठलं-भाकरी आणि कांदाभजी खाल्ली. भजी अप्रतिम, आवर्जून खा. सागर मात्र सारखं घड्याळ बघत होता. परवा सकाळी त्याला मिरजेहून गाडी धरायची होती. खोलीवर आल्यावर तो म्हणाला, "आई, घरी असतो तर तुझ्या हातचं खाल्लं असतं, शेतात फिरलो असतो. दोन दिवस हितं भिताडं बघत बसलोय." आई पिशवीतल्या साड्यांच्या घड्या करत राहिली. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेकराच्या रजेतले दिवस मी माझ्या हिशेबापायी पावसात घातले होते.

तिसरा दिवस. सकाळी खिडकीबाहेर पांढरंफटक. सागर बॅगा गाडीत टाकायला लागला. "सरळ कुंडल गाठू."

मी आडवी आले. "वर जाऊन मग घरी. बुकिंग आहे."

"चल रं," आई म्हणाली. "बसायचंच हाय तर गाडीत बसू."

पार्किंगपासून पठाराच्या बसने वर गेलो. पुन्हा धुकं, पुन्हा चिखल. आम्ही तिघं एका कातळाशी उभे होतो. मग वारा फिरला. आधी आईच्या पायाशी निळं काही दिसलं, मग चार हातांवर, आणि बघता बघता धुकं दरीकडे सरकलं. सीतेची आसवं, गुलाबी तेरडा, पांढरे गेंद, पार कड्यापर्यंत! आणि वर लख्ख ऊन!

"आलं गं बाई, आलं!" आई ओरडली. मी तर चक्क उड्या मारल्या. गुडघे दुखतात म्हणणारी आमची आई खाली उकिडवी बसली, फुलाला हात न लावता बघत राहिली. सागर तिच्याशेजारी चिखलातच बसला. ती म्हणाली, "घोडाबी दमतुया रं कवातरी." तो इतका हसला, की पलीकडची माणसं वळून बघायला लागली. ऊन तासभर टिकलं. आम्हाला तेवढं पुष्कळ झालं.

येताना कंदी पेढे घेतले आणि अंधार पडायच्या आत कुंडल गाठलं. म्हणजे जाणाऱ्यांनो, तारखेवर भरवसा ठेवू नका, मुक्काम वाढवा. मी जिंकले, हे माझं घरात सगळ्यांना सांगून झालंय.

सागर पोचल्याचा फोन परवा आला. "ताई, पुढच्या रजेला महाबळेश्वर करू. आत्तापासनं तारीख बघून ठेव." मी कॅलेंडरकडे वळले, तेवढ्यात आईने माझ्या हातातून मोबाइल घेतला.

"तारीख काय बघायची न्हाई," ती म्हणाली. "तू दिवस वाढवून माग."