रीडर जवाब देत नाही

इसमाचे नाव : शेख शौकत शेख रहीम. राहणार : रोशनगेट, छत्रपती संभाजीनगर. हुद्दा : वाचक, तहसील कार्यालय, सध्या सेवानिवृत्त, तथापि सदर बाब इसमास मान्य नाही. ओळखीची खूण : खिशाला दोन पेनं, दोन्ही चालू. सदर इसम मोबाईलने काढलेल्या छायाचित्रास छायाचित्र समजत नाही व तसे त्याने कुटुंबीयांस वेळोवेळी तोंडी बजावलेले आहे.

सरकारी मराठीत ज्याला वाचक म्हणतात त्याला माणसं रीडर म्हणतात. साहेबापुढं फाइल ठेवायची, शिपायाला पुकारा करायला सांगायचं आणि पुढची तारीख द्यायची. शौकतभाईंनी हे इतकी वर्षं केलं की त्यांचं नाव फक्त पेन्शनच्या कागदावर उरलं. दूधवाल्यापासून मशिदीच्या मुअज्जिनपर्यंत सगळे त्यांना रीडरसाहेबच म्हणत. बायको अनवरीबी एरवी ‘अजी’ म्हणत, पण चिडल्या की ‘ओ रीडर’.

यंदाच्या ईदला सगळं खानदान एका छताखाली आलं. अनवरीबींच्या थोरल्या बहीण, ज्यांना सगळे आपा म्हणतात, त्याही जालन्याहून आल्या. त्या आता कायमच्या रियाधला मुलाकडं निघाल्या होत्या. सगळ्यांचा मिळून एक फोटो घ्यायचा ठरलं तसे दहा हात मोबाईल घेऊन वर गेले. रीडरसाहेब उठले. पुण्याचे जावई मोईन यांनी मोठा कॅमेरा आणला होता, तो त्यांनी गळ्यात घातला आणि फर्मावलं :

“सगळ्यांनी मोबाईल परातीत जमा करावेत. मोबाईल का फोटो कोई फोटो है? मोबाईल गिर्या, फोटो मर्या.”

शीरखुर्म्याची वाटपं झालेली मोठी परात पुसून एका बाजूला ठेवली गेली आणि मोबाईल जमा झाले. फोटो निघाला. संध्याकाळी मोईन कॅमेरा घेऊन पुण्याला जाताना म्हणाले, “मी घरी जाऊन पाठवतो की, अब्बा.” पण अनवरीबींनी घरच्या बायकांचे फोटो गावभर फिरायला नकोत म्हणून आडकाठी केली, आणि रीडरसाहेबांनी कॅमेऱ्यातलं कार्ड काढून घेत हलकंसं हसून सांगितलं, “माझ्या लॅपटॉपला स्वतःचा रीडर आहे.”

हे खरं होतं. कॅमेऱ्याचं कार्ड वाचणाऱ्या खाचेलाही रीडरच म्हणतात, आणि ती लॅपटॉपच्या कडेलाच होती. लॅपटॉप मुलगा हारिसचा जुना. त्यावरचं विंडोज चहा पिऊन येईपर्यंत उघडायचं नाही, म्हणून सून तबस्सुमनं त्यावर लिनक्स टाकून दिलं होतं. ती ज्युनिअर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. रीडरसाहेबांना लिनक्स पहिल्याच दिवशी पसंत पडलं, कारण ते काहीही करण्याआधी पासवर्ड मागतं. “विचारल्याशिवाय हालत नाही,” ते म्हणाले, “चांगल्या ऑफिसातला दिसतो.”

लॅपटॉप चालू करून त्यांनी कार्ड खाचेत सारलं, आणि काहीच झालं नाही. काढून, फुंकर मारून, बिस्मिल्ला म्हणून परत सारलं. तेव्हाही लिनक्सनं पासवर्डसुद्धा मागितला नाही.

आपांचा रोज फोन. “शौकतमियां, मेरेकू वो फोटो होना. अब कौन कब मिलता, अल्ला जाने. जुम्मेकू फ्लाइट है.”

“जुम्मे के पहले, आपा,” रीडरसाहेब म्हणत. आयुष्यभर दिलेल्या तारखांपैकी ही पहिलीच, जी पुढं ढकलता येणार नव्हती. फोटो दुसऱ्या कुणाकडंच नव्हता आणि तो का नव्हता, हे परातीसकट सगळ्यांना ठाऊक होतं.

सोपा मार्ग होता. तो काकासाहेबांनी फोनवर सुचवला. “बाहेरून लावायचा रीडर मिळतो की शहागंजात. आणू का एक? उगं कशाला जिवाला घोर.”

दुसऱ्या कुणी सुचवला असता तर गोष्ट वेगळी. पण काकासाहेब म्हणजे एकेकाळचे तहसिलीतलेच दुसरे रीडर. कुणाच्या तरी चुकीनं एका टेबलावर दोघांची नेमणूक झाली आणि वरून दुरुस्ती येईपर्यंत दोघं एकाच खुर्चीवर आळीपाळीनं बसले. शिक्का मात्र दोघांनी एकमेकांच्या हाती लागू दिला नाही. पुढं दोस्ती झाली, पण ती दोन टेबलं मिळाल्यावर.

“घरात रीडर असताना बाहेरून दुसरा आणायचा नाही,” रीडरसाहेबांनी फोन ठेवला.

बुधवारी तबस्सुमला सुट्टी होती. ती सकाळी चहा घेऊन लॅपटॉपपुढं बसली आणि काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करू लागली.

“अब्बा, मशीनमधे काय काय बसवलंय त्याची यादी निघते. तिच्यात रीडरचं नावच नाही.”

“नाव नाही? अगं, खाच समोर दिसतेय!”

“खाच दिसून उपयोग नाही. मशीननं मानायला पाहिजे.”

हे वाक्य रीडरसाहेबांना मनातून पटलं. निवृत्तीनंतर ऑफिसात गेलं की त्यांचा हाच अनुभव होता.

दुपार झाली. तबस्सुमनं मोबाईल उचलला आणि वाळूजला कंपनीत ड्युटीवर असलेल्या नवऱ्याला मेसेज केला : “रीडर जवाब नहीं दे रहा. सुबह से सब करके देख ली. कार्ड भी लगाया, कुछ हरकत नहीं. मैं तो उम्मीद छोड़ दी. शिफ्ट छूटतेच आ जाव.”

मेसेज हारिसला गेला नाही. तो ‘कुनबा’ या खानदानाच्या ग्रुपवर गेला. हे तिच्या ध्यानात आलं नाही, कारण तेवढ्यात सासरे म्हणाले, “कामकाज चालू असताना मोबाईल नको. जमा करा.” तिन्ही मोबाईल आवाज बंद करून परातीत गेले आणि परात स्वयंपाकघरात.

त्यानंतर परातीत काय थरथरत होतं ते कुणी ऐकलं नाही.

तासा-दीड तासानं दाराची कडी वाजली. अनवरीबींनी दार उघडलं. आत पडद्याआड टेबलाशी बसलेल्या रीडरसाहेबांच्या कानावर काकासाहेबांचा आवाज पडला. एरवी हा माणूस गल्लीच्या तोंडापासून हाका मारत येई. आज आवाज अगदी खाली.

“वहिनी… हारिसचा फोन आला मला. तुमच्यापैकी कुणी उचलंना म्हणाला. खरं हाय व्हय? रीडर…?”

“क्या बोलना, भाईसाब. सुबह से वैसाच पड़ा है.”

“लई वाईट झालं. कुठं ठेवलंय?”

“टेबलपर.”

“टेबलावर?”

“हौ ना. बहू सकाळपासून त्याच्याच मागं आहे. पेच खोलून आत बघू का म्हणत होती. मैं बोली नको. उघडला तर परत जुळायचा नाही.”

बाहेर ओट्यावर कुणीतरी धप्पकन बसल्याचा आवाज आला. रीडरसाहेबांचे डोळे पाणावले. एका यंत्रापायी या माणसाला एवढं वाटावं! शिक्क्याच्या बाबतीत आपण जरा जास्तच ताणलं, असं त्यांना आयुष्यात प्रथमच वाटलं. ते पडदा सारून बाहेर आले.

“काकासाहेब, एवढं मनाला लावून घेऊ नका. नाहीच झाला, तर तुमचा बाहेरचा आणू.”

काकासाहेबांच्या डोक्याला रुमाल बांधलेला होता आणि मांडीवर मय्यतीसाठीची फुलांची चादर. ते हळूहळू उभे राहिले. रीडरसाहेबांच्या दंडाला त्यांनी बोट लावून पाहिलं.

“आवं, तुम्ही तर हायेत!”

“मग कुठं जाणार?”

“आन् मी शहागंजातून घासाघीस न करता फुलं आणली की वो!” काकासाहेब ओरडले, आणि मग त्यांना हसू की रडू ते कळेना. “हयातीचा दाखला देत जा की जरा टायमावर!”

तेवढ्यात गल्लीत गाडी थांबली. आपा रडतच उतरल्या, मागं जालन्याची निम्मी गल्ली. पाठोपाठ कंपनीच्या युनिफॉर्ममधला हारिस मोटारसायकल आडवी टाकून धावत आला. दारात लुंगीवर उभे असलेले रीडरसाहेब बघून आपांचं रडणं मधेच अडलं.

“शौकतमियां! तुम जिंदा हैं?”

“आपा, तारीख जुम्म्याची दिली होती,” रीडरसाहेब ओशाळून म्हणाले, “आज तर बुधवार.”

परात मागवली गेली, मेसेज मोठ्यानं वाचला गेला आणि खुलासा झाला. हसणं ओसरल्यावर आपा तबस्सुमकडं वळल्या. “और तू! ससुर मर्या समझके हम दौड़े, वो ठीक. पर ‘दे रहा’ लिखते? ‘दे रहे’ लिखना आता नहीं? सारे रस्ते मैं येच बोलती आयी, मय्यत के घर में बहू को सलीका नहीं.”

“खाला, मी मशीनबद्दल लिहिलं होतं.”

“मशीन भी रीडर है ना? इज्जत से लिखना.”

तबस्सुमला तिथून निसटायचंच होतं, म्हणून ती आत लॅपटॉपकडं पळाली. मघाशी ती इंटरनेटवर परदेशातल्या कुणा गृहस्थाची अशाच रीडरबद्दलची जुनी तक्रार वाचत होती, ती तिनं वाचून पुरी केली. मग एक ओळ टाइप केली आणि हाक मारली, “अब्बा, पासवर्ड!”

रीडरसाहेबांनी सगळ्यांना पाठ फिरवायला सांगून पासवर्ड टाकला. पडद्यावर कार्डाचं चित्र उमटलं.

“झालं काय होतं?” हारिसनं विचारलं.

“मशीन चालू होताना खाच रिकामी असली की हा रीडर झोपून राहतो. मशीन यादी करतं तेव्हा त्याचं नाव येत नाही. नंतर कार्ड घालून काही होत नाही. पुन्हा यादी कर म्हणून सांगावं लागतं.”

“म्हणजे बिघाड नव्हता,” रीडरसाहेब ताठ झाले. “फक्त पुकाऱ्याच्या वेळी डोळा लागला होता.”

“दुपारच्याला तहसिलीत तसंच व्हायचं,” काकासाहेब म्हणाले. “पण तिथं एका हुकमात उठत नव्हते.”

फोटो उघडला. सगळे खाली वाकून बघू लागले. खानदान पुरं होतं, उजेड छान होता, पण एकूण एक माणूस डावीकडं खाली बघत होता. ऐन वेळी परातीतला एक मोबाईल वाजला होता आणि प्रत्येकाला तो आपलाच वाटला होता.

आपांनी चष्मा लावून एकेक चेहरा पाहिला. मग विचारलं, “इसमें तुम कहां हैं?”

“मैं निकालनेवाला था, आपा.”

“मैं जिसके वास्ते जालने से रोती आयी, वोच नहीं इसमें?” आपांनी चष्मा काढला. “मेरेकू ये नको. बैठो सब. काकासाहेब, तुम निकालो.”

“कॅमेरा पुण्याला आहे,” रीडरसाहेबांनी हरकत नोंदवली.

“ओ रीडर,” अनवरीबी म्हणाल्या. हरकत फेटाळली गेली.

रीडरसाहेब मधे बसले, आपांच्या शेजारी. खिशातली पेनं त्यांनी सरळ केली. फुलांची चादर वाया जाऊ नये म्हणून पुढं अंथरली होती.

जुम्म्याला आपा रियाधला गेल्या. त्यांनी बरोबर नेलेला फोटो मोबाईलवर काढलेला आहे. कोपऱ्यात काकासाहेबांचा अंगठा आला आहे.