चढताना चांगला पाय

सुलभाकाकू स्वतःच्या पायांशी भांडत. दिल्लीत मयूर विहारमधल्या आमच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्या राहायला आल्या, तेव्हा सकाळी वॉकर हातात आला की सुरू व्हायच्या, "अहो डावे साहेब, अजून लंच टाइमच चाललाय का? उचला जरा!" स्वतः आर. के. पुरमच्या सरकारी ऑफिसात जन्म काढलेला, त्यामुळे कामचुकार त्यांना लांबून ओळखू येत.

त्यांचं घर आमच्याच जिन्याने तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. वर काका अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले, सोबतीला अटेंडंट. काकूंचे दोन्ही गुडघे बदलले होते आणि जिना चढता येईपर्यंत त्या आमच्याकडे राहणार होत्या. खुर्चीत बसवून वर नेतो, असं सोसायटीतली पोरं म्हणाली, तर काकूंनी साफ नकार दिला. काकांचा ऑपरेशनला विरोध होता आणि "चालत येऊन दाखवीन" असं त्यांना बजावून त्या निघाल्या होत्या. त्या हट्टाचा मला अजून राग येतो.

व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी जिन्यापाशी म्हणाली, "आंटी, चढ़ते समय अच्छा पैर पहले, उतरते समय ख़राब."

"बेटा, दोनों कटे हुए हैं. इसमें अच्छा कौन सा?"

शेवटी उजव्याला चांगला ठरवलं. पण डावा वाकायलाच तयार नव्हता.

संध्याकाळी वरून काकांचा फोन यायचा. जीभ जड झालेली, धड शब्द एकच, "कुठवर?" काकू जिन्याच्या पहिल्या वळणावरून रडत परतलेल्या असायच्या, पण फोनवर म्हणायच्या, "अहो, पहिला मजला झाला." काही दिवसांनी दुसराही झाला. मी डोळे वटारले, तर म्हणाल्या, "अगं, त्यांचा जीव या जिन्यात अडकलाय. बिल्कुल खरं सांगून कसं चालेल?"

दुसऱ्या मजल्यानंतर सांगण्यासारखं एकच उरलं होतं. तेही एका संध्याकाळी त्या सांगून बसल्या, "उद्या येतेच."

दुसऱ्या दिवशी दुपारी अटेंडंट धावत खाली आला. काका गेले होते. "सुबह से दरवाज़ा बंद नहीं करने दिया," तो रडत म्हणाला, "इशारा करते रहे, मैडम आ रही हैं."

पोरांनी काकांना खाली आणलं. जिना अरुंद. पायथ्याशी उभ्या असलेल्या काकूंनी वॉकर बाजूला ओढून वाट करून दिली. डोळ्यांत टिपूस नव्हतं. मलाच बघवेना.

पुढे डावा गुडघा चांगला वाकायला लागला. भाचीने त्यांना नोएडाला, लिफ्टच्या इमारतीत न्यायचं ठरवलं. निघायच्या दिवशी मी म्हटलं, "काकू, आता जमेल. हळूहळू एकदा वर जाऊन घर बघून येऊ या."

त्या जिन्यापाशी आल्या. कठडा धरला.

"चढताना चांगला पाय आधी, ना गं?"

"हो."

"तो गेला वर," त्या म्हणाल्या, आणि टॅक्सीकडे वळल्या.